जर्मनची पळी आणि डावा हात

सुरतच्या डिंडोलीत कलाबाईची खाणावळ कुठे आहे असं विचारलं, तर लोक आधी पत्ता सांगत नसत. आधी हात सांगत. "ती नाही का, फडक्याशिवाय पातेलं उतरवते, ती." मग पाण्याची टाकी, मग डावीकडचं वळण, मग निळा दरवाजा.

ख्याती खोटी नव्हती. भुशाच्या शेगडीवर जर्मनचं भलंमोठं पातेलं, त्यात वरण खदखदतंय, आणि कलाबाई डाव्या हातानं त्याचा काठ धरून ते तिरपं करतेय. उजव्या हातात पळी, तोंडात कुणाच्या तरी नावाची शिवी. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम. त्या देशाचा त्यात काय संबंध, हे डिंडोलीत कुणी कधी विचारलं नाही. भाकरी उलटायला तिला उलथणं लागत नसे, कढईवरचं झाकण काढायला पदर लागत नसे. सांडशी घरात होती, खिळ्याला टांगलेली. तिचा नवरा सुकलाल ती नळाची चावी फिरवायला वापरी.

सुकलाल पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता. मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चढला असेल त्या रंगाचे हात घेऊन तो घरी येई. आज जांभळा, उद्या पोपटी. बोलणं बेताचं. तेव्हा या घरात हातांबद्दल कुणाला फारसं नवल नव्हतंच.

मेंबर चौतीस. सगळे धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या बाजूचे. कुणी लूमवर, कुणी रंगात. गावाकडे बायकापोरं, इथे एका खोलीत आठजण, आणि दोन वेळा कलाबाईची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा, कारण जेवायला वाढणाऱ्या बाईचं वय धरायचं नसतं.

या चौतिसांत दोघांची ओळख करून द्यायला हवी. एक सुपडू, लूम कारागीर आणि खाणावळीचा बोलका पोपट. "मावशी, तुना हात शेतस का सांडशी?" हात आहेत की सांडशी, हा विनोद तो गेली चार वर्षं रोज करत होता आणि लोक रोज हसत होते. त्याच्या पायात जाड काळ्या रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला असत. तशा चपला कुठल्या दुकानात दिसत नसत. तो त्या पायातून काढायला तयार नसे आणि कलाबाई सारवल्यासारख्या पुसलेल्या फरशीवर चप्पल चालू देत नसे.

"चप्पल भाईर!"

"मावशी, माझ्याशिवाय तिला करमत नही."

"तर तिच्यासंगं भाईरच जेव."

मग तो चपला काढी, पाय ठेवण्याआधी फरशी नीट बघून घेई आणि दाराजवळच्या पहिल्या जागेवर बसे.

दुसरा हेमराज. हा वाढलेलं ताट आधी उजेडात धरून बघे, स्वतःच्या रुमालानं पुसे, पाण्याचा पेला दोनदा विसळी. प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, सुरत सोडून जाणाऱ्या पहिल्या ट्रकवर तो होता. त्या चार दिवसांत गल्ली ओस पडली. चौतिसांतले दोन मेंबर उरले. एक सुपडू, ज्याला जायला घर नव्हतं, कारण बायको दोन वर्षांपूर्वीच माहेरी गेली होती आणि का गेली ते तो सांगत नसे. दुसरा एक म्हातारा वॉचमन, ज्याला बातमी कळली तोवर लोक परत यायला लागले होते. त्याच दिवसांत एका सकाळी कलाबाईच्या डाव्या करंगळीचं टोक उंदरानं कुरतडलेलं दिसलं. तिला रात्रभर जाग आली नव्हती. "उंदीर खाई गया, पण झोप नाही मोडली," असं ती पुढे कौतुकानं सांगे. ऐकणारेही कौतुकानं ऐकत. माणसं कशाचं कौतुक करतील याला धरबंद नसतो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, प्लेगनंतर तीन वर्षांनी, सरकारी पाठ्यपुस्तकानं घात केला.

कलाबाईची मुलगी हर्षदा महापालिकेच्या मराठी शाळेत होती. विज्ञानात धडा आला: उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक. शैलजा मॅडमनी घरी करायला प्रयोग दिला. गरम पाण्याच्या भांड्यात निरनिराळे चमचे उभे करा, थोड्या वेळानं वरची टोकं मोठ्या माणसाला धरायला सांगा, तो किती वेळ धरू शकतो ते लिहा. कोणत्या मोठ्या माणसाला, हे पुस्तकात नव्हतं.

"मम्मी, हे धर."

"दिसत नाही का, भाकरी थापतेय?"

"मग डाव्या हातानं धर ना. उजवा कुठे मागितला मी?"

गरम पाणी वेगळं कशाला तापवायचं म्हणून हर्षदानं वरणाच्या पातेल्यातच सगळं उभं केलं. लाकडी डाव, प्लॅस्टिकचं उलथणं, स्टीलचा चमचा, जर्मनची पळी. कलाबाई एकेक धरत गेली. उजव्या हातानं भाकरी थापणं आणि तोंडानं मेंबरांचा उद्धार करणं चालूच. हर्षदानं मन लावून शंभरपर्यंत आकडे मोजले, चारदा. मग वहीत रेघा मारून तक्ता काढला. लाकूड: सोडलं नाही. प्लॅस्टिक: सोडलं नाही. स्टील: सोडलं नाही. अ‍ॅल्युमिनिअम: सोडलं नाही. खाली सुबक अक्षरात निष्कर्ष: "वरील सर्व पदार्थ उष्णतेचे दुर्वाहक आहेत."

वही परत आली ती लाल शाईनं. "निरीक्षण चूक. प्रयोग प्रत्यक्ष केलेला दिसत नाही. पुन्हा करा."

हर्षदा रडली. कलाबाई भडकली. तिच्या हाताला आजवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं. "तुझी मॅडम गॅसवर दोन माणसांचा चहा करत असंल. तिला काय माहीत? आज सगळ्यांसमोर कर. सुपडू मोजंल. साक्षीला चौतीसजण."

संध्याकाळची पंगत बसली होती. पळी पातेल्यात चांगली मुरू दिली. कलाबाईनं डाव्या हातानं दांड्याचं टोक मुठीत धरलं आणि सुपडूनं बाजारातल्या लिलावासारखा गळा लावला. "एक! दोन! बघा, मावशी हसतेय! वीस! हेमराज, पेला ठेव खाली, इतिहास घडतोय!"

पन्नास झाले. ऐंशी झाले. कलाबाई खरंच हसत होती.

"वास कसला येतोय?" हेमराज म्हणाला. त्याला सगळ्याचाच वास येई, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

शंभर झाल्यावर टाळ्या पडल्या. कलाबाईनं विजयानं पळी उचलली आणि वाढायला म्हणून उजव्या हातात घेतली.

ती किंचाळली. पळी उडाली, भिंतीवर आपटली, वरण पंगतीवर. उजव्या हाताची बोटं तोंडात घालून ती उभी राहिली आणि डाव्या हाताकडे बघू लागली. तळव्यावर दांड्याच्या रुंदीचा पांढरा पट्टा उठला होता, कडेनं कातडं सुरकुतलेलं. वास तिथूनच येत होता. तो हात मात्र अगदी शांत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

आजवर ती सगळी करामत फक्त डाव्या हाताची होती, उजव्यात नेहमी पळी नाहीतर पीठ, हे त्या क्षणापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

कुणी हसलं नाही. सुपडू तर नाहीच. तो भिंतीवरून ओघळणाऱ्या वरणाकडे बघत बसला, आणि त्या दिवशी त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

हर्षदानं मात्र अभ्यास पूर्ण केला. मुलगी इमानदार. "अ‍ॅल्युमिनिअम. डावा हात: शंभरपर्यंत सोडलं नाही, फोड आला. उजवा हात: लगेच सोडलं. निष्कर्ष: समजला नाही."

या वेळी लाल शाई आली नाही. शैलजा मॅडम स्वतः आल्या, दुपारी, शाळा सुटल्यावर. कलाबाईनं खुर्ची दिली, चहा टाकला. मॅडमनी चहाला हात लावला नाही. त्यांनी कलाबाईची बाही कोपरापर्यंत वर केली. तिथे रुपयाएवढा फिकट डाग होता. तो चार-पाच वर्षं जुना होता आणि फोडणीचं तेल उडाल्याचा आहे असं घरात ठरलेलं होतं.

"मी चुकीचा शेरा मारला, कलाबाई," मॅडम म्हणाल्या. "प्रयोग बरोबर होता. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"फोडाला? फोडाला हळद लावलीय मी."

"फोडाला नाही."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर गुजराती होते. "बेन, आंखो बंध करो." कलाबाईनं डोळे मिटले. त्यांनी काचेच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि आळीपाळीनं दंडाला, डागाला, करंगळीला लावत गेले. "गरम के ठंडुं?" दंडावर तिनं पटापट सांगितलं. मग ती वाट बघत राहिली. बराच वेळ डॉक्टर काहीच लावत नाहीत असं वाटून तिनं डोळे उघडले. नळी तिच्या करंगळीवर टेकलेली होती. वाफ येत होती.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, आधी गुजरातीत, मग मॅडमनी मराठीत, पुस्तकातलं. कलाबाईला या रोगाचा एकच शब्द येत होता. तो तिनं गावी, देवळाच्या पायरीखाली बसणाऱ्यांसाठी ऐकला होता, आणि तो ऐकला की तिची आई तिला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नेई.

"महारोग?" ती म्हणाली.

"सहा महिने गोळ्या," डॉक्टर म्हणाले. "पूरुं मटी जशे, पूर्ण बरं होईल. गोळी सुरू झाली की तुमच्यापासून कुणाला धोका नाही. पण मेलेली नस परत येईलच असं नाही. तो हात आता तुम्हाला भाजलं म्हणून सांगणार नाही, तुम्ही त्याला सांगायचं. गरम भांडं उघड्या हातानं धरायचं नाही. सगळ्याला लाकडी दांडे लावून घ्या. नाहीतर रोग जाईल आणि बोटं पण जातील."

ती ऐकत होती, पण बघत होती दुसरीकडे. डॉक्टरांच्या मागे लोखंडी मांडणी होती आणि मांडणीवर चपला रचलेल्या होत्या. जाड काळं रबर, मागे पट्टा.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"ज्यांच्या पायाला कळत नाही त्यांच्यासाठी. खिळा, खडा, तापलेला रस्ता, काही कळत नाही. इथूनच मिळतात, बाजारात नाही."

इथे कलाबाईबद्दल चांगलं लिहायचा मोह आवरायला हवा. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: चार वर्षं हा माणूस माझ्या ताटात जेवला. आजच त्याला काढते. दुसरा विचार, मग मला कोण ठेवणार, हा यायला दवाखान्याची पायरी उतरावी लागली. मग मात्र ती पायरीवरच बसली, आणि मॅडम "काय झालं, काय झालं" करत राहिल्या.

घरी सुकलालला सांगितलं. त्या दिवशी त्याचे हात गुलाबी होते. तो त्यांच्याकडे बघत, "गावी कळवू नको," एवढंच म्हणाला. मग उठला, खिळ्यावरची सांडशी काढली, घासून पुसून शेगडीजवळ ठेवली.

ती सांडशी तिथेच पडून राहिली. कारण प्रश्न साधा होता. चौतीस माणसं जिच्या उघड्या हाताची गोष्ट सांगतात, तिनं उद्या सांडशी धरली तर तेच चौतीसजण विचारणार, का? आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर ट्रक लागतात किती लवकर, हे तिनं पाहिलेलं होतं. खाणावळ गेली तर हर्षदाची शाळा गेली, डिंडोलीही गेली. हात वाचवावा तर खाणावळ जाते, खाणावळ वाचवावी तर हात. तिनं तळव्याला चिंधी बांधली, वरून पीठ लावलं आणि काठ धरून पातेलं तिरपं केलं. लोकांनी वाहवा केली. आठ दिवसांत चिंधीखालचा फोड चिघळला. दुखत नव्हता. तिला भीती वाटली ती त्याचीच.

नवव्या दिवशी सुपडू नेहमीसारखा दारात उभा राहून चपला काढू लागला.

"राहू दे पायमा," कलाबाई तव्याकडे बघत म्हणाली.

सुपडू एका पायावर तसाच थांबला. चार वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातावरच्या चिंधीकडे पाहिलं. मग तो चपलेसह आत आला, आपल्या जागेवर बसला. जेवण झाल्यावर सगळे गेले तरी तो ताट घेऊन बसून होता.

"मनं त कवळच बरं व्हई गयं," तो खाली बघत म्हणाला. "इथं येण्याच्या आधीच. गोळ्या संपल्याचं कार्ड आहे माझ्याकडे, दाखवू? पाय तेवढे आले नाहीत परत. सांगितलं असतं, मावशी, पण तू काढून टाकलं असतं."

"टाकलं असतं," कलाबाई म्हणाली.

"बायकोनं टाकलं तसं."

"तसंच." मग दुरडी पुढे सरकवत, "भाकरी घे अजून."

दोन दिवसांनी सुपडू गोणी भरून बॉबिनी घेऊन आला. लूमच्या धोट्यात पूर्वी लाकडी बॉबीन असे; आता प्लॅस्टिकची आली होती आणि जुन्या लाकडी बॉबिनी शेडच्या कोपऱ्यात ढिगानं पडून होत्या. मधोमध आरपार भोक, बाहेरून वर्षानुवर्षं धागा फिरून काचेसारखा गुळगुळीतपणा. पळीच्या, झाऱ्याच्या, उलथण्याच्या दांड्यावर त्या अशा बसल्या की जणू त्यासाठीच केल्या होत्या. पातेल्याला लोहाराकडून दोन कडी ठोकून घेतली, त्यांत बॉबिनी ओवल्या.

पंगतीला हे सगळं दिसलंच. कुणी काही विचारायच्या आत सुपडूनं तोंड उघडलं. "कारागीर आहात ना रे? मग लाज वाटायला पाहिजे. लूमवाल्यांची खाणावळ आणि पळीला बॉबीन नाही! कामरेजला माझ्या साडूच्या मेसमध्ये सोन्यासारख्या बॉबिनी आहेत." साडू नव्हता, मेसही नव्हती. पण चौतिसांना ते पटलं. कामरेजच्या मागे राहायचं म्हणजे काय. पुढच्या आठवड्यात लोक आपापल्या शेडमधून बॉबिनी आणून देऊ लागले. त्यावर आपल्या नावाचं अक्षर कोरून. हात वाचला, खाणावळही राहिली.

महिन्याच्या महिन्याला दवाखाना, रोजची गोळी डाळीच्या डब्यामागे. सहावा महिना भरला. डॉक्टरांनी कार्डावर शिक्का मारला. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर राहिलं, बाकी बाई ठणठणीत.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्या हिवाळ्यात सरकारी पाहणी निघाली. वही घेतलेला एक कर्मचारी घरोघर फिरत होता. तो शहाणा असावा. चौतीस माणसं एका जागी सापडतील म्हणून नेमका संध्याकाळच्या पंगतीत आला. "कुणाला अंगावर फिकट चट्टा आहे का? बधिरपणा? घाबरू नका, औषध फुकट आहे, पूर्ण बरा होतो."

पंगत थिजली. घास हातात, डोळे ताटात. हेमराजनं नकळत डावा खांदा आक्रसून घेतला. वाढता वाढता कलाबाईला ते दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही.

ती वरणाचं पातेलं खाली ठेवायची थांबली. तिनं सुपडूकडे पाहिलं. सुपडूनं मान जोरात हलवली: नको. तिनं पातेलं ठेवलं, बाही वर केली.

"मला होता," ती म्हणाली. "सहा महिने गोळ्या खाल्ल्या, संपला. ही बॉबिनीची फॅशन नाही, माझ्या हाताला गरम कळत नाही म्हणून. तुमची करामती मावशी म्हणजे हे."

असा सन्नाटा त्या खोलीत प्लेगच्या वर्षीसुद्धा नव्हता. तेव्हा निदान माणसंच नव्हती. मग एकजण उठला, हात न धुता. त्याच्यामागे दुसरा. चपलांचा आवाज. कर्मचारी घाईघाईनं समजावू लागला आणि त्यामुळे आणखी तिघे उठले. सुपडूनं आपला पाय लांब करून ती काळी चप्पल पंगतीच्या मधोमध ठेवली, आणि मोठ्यानं म्हणाला, "माझा पण होता. मावशीच्या आधीचा. आता वरण वाढ."

दुसऱ्या दिवशी एकवीस ताटं लागली. तिसऱ्या दिवशी एकोणीस. भाकऱ्या उरल्या, त्या सुकलालनं मुकाट्यानं दोन दिवस खाल्ल्या. हेमराज पहिल्याच दिवसापासून गायब होता. त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

आश्चर्य वाटलं ते रविवारी. दुपारी, जेवणाच्या तासभर आधी, मागच्या दारानं हेमराज आला. आल्याआल्या शर्ट काढला आणि पाठ करून उभा राहिला. डाव्या खांद्यावर गोल फिकट चट्टा.

"दवाखान्यात जायची हिंमत होत नाही, मावशी. तू बघ आधी. तुला माहीत आहे."

कलाबाईनं दोन पळ्या घेतल्या, बॉबिनीच्या. एक माठात बुडवली, एक वरणात. गरमवाली आधी आपल्या उजव्या मनगटाला लावून पाहिली, सोसवेल इतकी निवू दिली.

"डोळे मीट. गरम का गार, सांग."

माठातली पळी खांद्याच्या कडेला. "गार." चट्ट्याच्या मधोमध. "गार." हेमराजला गारवा कळला की त्यानं नुसता अंदाज सांगितला, कोण जाणे. आता उजवा हात, ज्याला कळत होतं. तिनं वरणातली पळी उचलली आणि चट्ट्यावर टेकवली.

काहीच झालं नाही. एक क्षण. तेवढ्यात तिला डॉक्टरांची वाफाळती नळी आठवली, देवळाची पायरी आठवली, रस्त्याची पलीकडची बाजू आठवली.

आणि हेमराज असा बोंबलला की माळ्यावरचं मांजर खाली पडलं.

"भाजलं! मावशी, मारती का काय!"

"आखो एकदा ओरड," कलाबाई म्हणाली. ती खाली बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "ओरड ना रे, मुडद्या."

दारातून सुपडूचा आवाज आला. "कोण मेलं, मावशी?"

"कोणी नाही. गजकर्ण असंल, उद्या दवाखान्यात घेऊन जा याला." तिनं पळी पातेल्यात परत टाकली, मग काही आठवून ती बाहेर काढली आणि घासायला ठेवली. हेमराज बघत होता ना. "आणि ताट लाव त्याचं. दोनदा विसळून."